प्राणवायूलाही कसोटी हवी

धाप लागलेल्या माणसाच्या उशाशी बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना त्या अवस्थेतील असहायता वेगळी सांगावयास नको. ताप उतरण्याची वाट पाहता येते, मोडलेले हाड जुळून येईपर्यंत धीर धरता येतो. परंतु धाप लागलेल्याला दम धर म्हणणे ही क्रूर थट्टाच होय. रोगी उठून बसतो, हात गुडघ्यांवर टेकतो, मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि जवळचा माणूस डॉक्टरांना एकच गोष्ट सांगत राहतो : ऑक्सिजन लावा, आणि लावलेला असेल तर वाढवा. २०२१ च्या उन्हाळ्यात सिलिंडरसाठी ज्यांनी दारोदार फेऱ्या घातल्या त्यांच्या मनात तर हा वायू औषध राहिलेला नसून प्राणाचाच दुसरा शब्द झाला आहे. ते स्वाभाविकही आहे. त्या साथीत ज्यांच्या रक्तातील प्राणवायू खरोखर घसरला होता त्यांच्या दृष्टीने तो मिळणे न मिळणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

परंतु सगळी धाप एकाच जातीची नसते. फुफ्फुसे सुजल्यामुळे लागणारी धाप वेगळी आणि श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे लागणारी धाप वेगळी. दमा आणि चुलीच्या वा विडीच्या धुराने जडलेला, डॉक्टर मंडळी ज्याला सीओपीडी म्हणतात तो जुनाट विकार, हे दोन्ही दुसऱ्या प्रकारात मोडतात. या प्रकारात कोणता वायू, किती आणि कोणाला द्यावा, याचे उत्तर माणसाच्या कळवळ्याने दिलेल्या उत्तराशी अनेकदा जुळत नाही. ते शोधण्यासाठी कसोटीच लावावी लागते, आणि वैद्यकाने ती फार उशिरा लावली.

वायू हुंगवून रोग बरा करण्याची कल्पना जुनी आहे. १७७४ मध्ये प्रीस्टली यांनी प्राणवायू वेगळा केला आणि पंचवीस वर्षांच्या आतच, १७९९ मध्ये, टॉमस बेडोझ या डॉक्टराने ब्रिस्टलला वायुचिकित्सेची एक संस्था उघडली. वाफेच्या यंत्रामुळे ज्यांचे नाव आपल्या शाळेतील मुलांनाही ठाऊक असते त्या जेम्स वॉट यांनी या चिकित्सेसाठी वायू तयार करण्याची उपकरणे बनवली. त्यांची तरुण मुलगी १७९४ मध्ये क्षयाने गेली होती, आणि त्या दुःखातून हा उद्योग उभा राहिला होता. हम्फ्री डेव्ही यांनी तेथेच नायट्रस ऑक्साइडवर काम केले. रोगी मात्र बरे झाले नाहीत. बेडोझ प्रामाणिक होते, बुद्धिमान होते आणि गरिबांविषयी त्यांना मनापासून आस्था होती. पण ज्यांना वायू दिला आणि ज्यांना दिला नाही अशा सारख्याच रोग्यांचे दोन गट करून त्यांची तुलना करण्याची रीत त्या काळी रुळलेली नव्हती. त्यामुळे संस्था चालली तोवर आशा चालली, आणि संस्था गुंडाळल्यावर कोणता वायू कशाला उपयोगी होता वा नव्हता हे कोणालाच सांगता आले नाही.

पुढचा मोठा प्रयत्न हेलियमचा. आणि त्या कथेचा आपल्या भूमीशी संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन, जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल, मच्छलीपट्टणला पॉग्सन अशी निरीक्षक मंडळी आपापली वर्णपटदर्शक यंत्रे रोखून बसली होती. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसत होती. ती सोडियमची नव्हे, एका अपरिचित मूलद्रव्याची आहे, या निष्कर्षाला पुढे इंग्लंडमध्ये लॉकियर आले. आमच्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि त्यांवर उभे राहून लॉकियरसाहेबांनी हेलियम शोधला असे अभिमानाने सांगतात. कोकणच्या अभिमानाला धक्का लावण्याची हौस नाही. पण लॉकियर त्या ग्रहणाच्या वेळी भारतात नव्हते. त्यांनी ती रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना, पाहिली. भारतात ते १८७१ च्या ग्रहणाला आले, तेही केरळातील बेकलच्या किल्ल्यावर. मनाला भावणारी गोष्ट आणि तपासून पाहिलेली गोष्ट यांत एवढे अंतर असू शकते. आणि याच हेलियमने ते अंतर पुढे रुग्णालयातही दाखवून दिले.

१९३४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या आल्व्हन बॅरक या डॉक्टरांनी दम्याच्या आणि स्वरयंत्रात वा श्वासनळीत अडथळा आलेल्या रोग्यांना हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण हुंगण्यास दिले. यामागचा विचार अतिशय सुंदर होता. हवेत चार पंचमांशाच्या आसपास नायट्रोजन असतो. त्याच्या जागी हेलियम घातला तर शरीराला काही फरक पडत नाही, कारण दोन्ही वायू श्वसनात निष्क्रिय. पण मिश्रण कमालीचे हलके होते. ऐंशी भाग हेलियम आणि वीस भाग प्राणवायू यांच्या मिश्रणाची घनता हवेच्या सुमारे एक तृतीयांश भरते. अरुंद जागेतून वेगाने जाणारी हवा भोवरे घेत, खळखळत जाते, आणि अशा प्रवाहाला लागणारा जोर वायूच्या घनतेवर अवलंबून असतो. वायू हलका केला की तोच श्वास कमी कष्टांत घेता येतो. मिश्रण लावताच काही मिनिटांत रोग्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला डॉक्टरांनी स्वतः पाहिला. औषध म्हणून यापेक्षा अधिक काय हवे, असे कोणालाही वाटेल.

विज्ञानाच्या शिक्षकांना मात्र येथे एक शंका आली असेल. सगळे प्रवाह खळखळते नसतात. ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतून रंगाची धार सोडून दाखवून दिले की वेग, नळीची रुंदी, घनता आणि चिकटपणा यांच्या प्रमाणावर प्रवाहाची जात ठरते. संथ, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहात घनतेला महत्त्व नसते, महत्त्व असते चिकटपणाला; आणि हेलियमचा चिकटपणा हवेपेक्षा किंचित अधिकच आहे. श्वासनळी जसजशी फांद्या फोडत आत जाते तसतसा प्रत्येक फांदीतील प्रवाह संथ होतो. म्हणजे अडथळा घशाशी वा मोठ्या नळीत असेल तर हेलियमचा उपयोग व्हावा. तो खोल, बारीक नळ्यांत असेल तर फारसा होऊ नये. दम्यात अडथळा कोठे आणि किती असतो हे रोग्यागणिक, आणि त्याच रोग्यात तासागणिक, बदलते. कागदावरचे भौतिकशास्त्र येथवरच नेऊन सोडते. पुढे रोग्यांवर तपासून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हे तपासणे वाटते तितके सोपे नाही. चांगल्या चाचणीत कोणाला खरे औषध मिळाले हे रोग्याला आणि डॉक्टराला कळू नये अशी व्यवस्था करतात. हेलियम हुंगलेला माणूस बोलू लागला की त्याचा आवाज चिमणीसारखा बारीक होतो. गुपित पहिल्याच वाक्याला फुटते. दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. दम्याची सुधारणा मोजण्यासाठी रोग्याला जोराने फुंकावयास सांगतात आणि वेग पाहतात. हलका वायू मुळातच अधिक वेगाने बाहेर पडतो. म्हणजे रोग तसूभरही न हलता आकडा सुधारतो. ज्या मापाने औषध मोजावयाचे त्या मापातच औषध मिसळलेले! शिवाय प्राणवायूसाठी आखलेले प्रवाहमापक हेलियमच्या मिश्रणाला लावले तर खोटे वाचन देतात, आणि ज्या रोग्याला अधिक प्राणवायूची गरज आहे त्याच्या मिश्रणात हेलियमला जागाच उरत नाही.

या अडचणींतून वाट काढत ज्या चाचण्या झाल्या त्यांचा निकाल बॅरक यांच्या खाटेजवळच्या अनुभवाइतका तेजस्वी नाही. तीव्र दम्यावरील दहा चाचण्या आणि त्यांतील ५४४ रुग्ण यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये घेण्यात आला. सरसकट सर्व रोग्यांना हे मिश्रण देण्यास आधार सापडत नाही, अत्यंत गंभीर अडथळा असलेल्यांना कदाचित लाभ होत असावा, इतकेच त्यातून निघाले. सीओपीडीचा झटका येऊन मुखवट्याच्या यंत्राने श्वास पुरवावा लागलेल्या रुग्णांवर युरोपातील अनेक अतिदक्षता विभागांनी मिळून एक चाचणी केली. तिचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना हेलियमचे मिश्रण, निम्म्यांना नेहमीचे. उपचार अयशस्वी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, शंभरात चौदा-पंधरा. हेलियम महाग आहे, पृथ्वीवरील त्याचा साठा मर्यादित आहे, आणि भारताला तो जवळजवळ सर्वस्वी आयात करावा लागतो. ही चाचणी झाली नसती तर एखाद्या महानगरातील पंचतारांकित रुग्णालयाने जाहिरात करून हे मिश्रण विकले असते, आणि ज्याला परवडले नाही अशा कारकुनाच्या घरी आयुष्यभर ‘आपण ते दिले असते तर’ ही टोचणी राहिली असती. नकारार्थी निष्कर्षाचा हा उपयोग आपण पुरेसा ध्यानात घेत नाही.

हेलियमचे एक वेळ सोडून देऊ. तो परका वायू आहे. प्राणवायूचे काय? त्याची कसोटी घ्यावयाची म्हणजे आईच्या दुधाची कसोटी घेण्यासारखे वाटते. पण वैद्यकाला ती घ्यावी लागली, आणि किंमत मोजल्यानंतर घ्यावी लागली. १९४० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत भरपूर प्राणवायू देण्याची प्रथा पडली आणि जगभर सुमारे दहा हजार बालके अंध झाली. संशय आल्यावर वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात तुलना सुरू झाली, तेव्हा रात्रपाळीच्या काही परिचारिका कमी प्राणवायूच्या गटातील बाळांची कीव येऊन हळूच तोटी वाढवीत. त्यांच्या करुणेला दोष कोण देईल? पण ती करुणाच डोळे घालवीत होती. अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी १९५३ मध्ये एकत्र येऊन पद्धतशीर चाचणी आरंभिली तेव्हा कोठे प्रश्नाचा निकाल लागला.

श्वासनलिकांच्या जुनाट विकारात प्राणवायूचा अतिरेक घातक ठरू शकतो हे डॉक्टरांना अनेक दशके ठाऊक आहे. अशा काही रोग्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, त्यांना गुंगी येते आणि श्वास मंदावतो. याची कारणमीमांसा एके काळी पाठ्यपुस्तकांत सांगत तितकी सरळ नाही, पण घडते ते असे. मोरन कॅम्बेल यांनी १९६० मध्ये ठरावीक प्रमाणातच प्राणवायू देणारा मुखवटा सुचवला तो यासाठीच. तरीही रुग्णवाहिकेत आणि तातडीच्या विभागात तोटी सताड उघडण्याची सवय जगभर टिकून राहिली. अखेर ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकांवरच एक चाचणी झाली; ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ४०५ रुग्ण. एका गटाला नेहमीप्रमाणे भरपूर प्राणवायू. दुसऱ्याला मोजून, रक्तातील प्राणवायूची पातळी ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच. पहिल्या गटात शंभरामागे नऊ दगावले, दुसऱ्यात चार. ज्यांचा सीओपीडी निश्चित झाला होता त्यांच्यापुरते पाहिले तर हे प्रमाण नऊ आणि दोन असे होते. विशेष म्हणजे मोजून द्यावयाच्या गटातीलही पुष्कळांना नियम मोडून जास्त प्राणवायू दिला गेला होता. तोटी वाढवणारा हात वॉशिंग्टनचा असो की टास्मानियाचा, सारखाच.

याचा अर्थ प्राणवायू वाईट असा काढणारे लोक निघतील, म्हणून दुसरी बाजूही येथेच सांगितली पाहिजे. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू विश्रांतीतही कायम फार खाली असतो अशा रोग्यांना घरी रोज पंधरा वा अधिक तास प्राणवायू दिला तर आयुष्य वाढते, हे १९८० च्या अमेरिकन आणि १९८१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. ब्रिटिश चाचणीत प्राणवायू न मिळालेल्या ४५ पैकी ३० जण पाच वर्षांत वारले. मिळालेल्या ४२ पैकी १९. पुढे असे गृहीत धरले गेले की ज्यांची पातळी थोडीशीच कमी आहे त्यांनाही तोच लाभ होईल. अमेरिकेत ७३८ रुग्णांवर हे तपासले, आणि २०१६ मध्ये निकाल आला : आयुष्यात फरक नाही, रुग्णालयात जाणे टळत नाही. एकच वायू, एकच रोग. एकाला जीवदान, दुसऱ्याला निरुपयोगी, तिसऱ्याला धोका. हा फरक खाटेजवळ उभे राहून डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते.

सर्वांत विचार करावयास लावणारी चाचणी याहून लहान आहे. रक्तातील प्राणवायू पुरेसा असूनही ज्यांची धाप कशानेच थांबत नाही अशा, बहुतेक शेवटच्या टप्प्यातील, २३९ रुग्णांच्या नाकाशी नळी लावली. निम्म्यांच्या नळीतून प्राणवायू येत होता, निम्म्यांच्या नळीतून खोलीतली साधी हवा. यंत्र सारखेच, आवाज सारखाच. सात दिवसांत दोन्ही गटांची धाप कमी झाली, आणि सारखीच कमी झाली. हाही २०१० चाच निष्कर्ष. त्याच वर्षी केंब्रिजहून पन्नास रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला : हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर धरला तर धाप उतरते, पायावर धरला तर नाही. नाकाशी वाहणारी हवा मेंदूला काही सांगत असावी. आमच्या आजीबाई दमेकऱ्याला खिडकीपाशी बसवून विंझणवारा घालीत, त्यात नुसती माया नव्हती असे आता म्हणता येईल. पण ते म्हणता येते कारण कोणीतरी पंखा पायावर धरून पाहिला.

हे सारे अभ्यास परदेशांतील आहेत. भारतात २०१६ मध्ये सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. पाश्चात्त्यांचा रोगी बहुधा सिगारेट ओढणारा. आमच्याकडे ज्यांनी आयुष्यात कधी विडी हातात धरली नाही अशा, चुलीपुढे चाळीस वर्षे काढलेल्या बायकांना हा रोग होतो. पुण्यातील डॉक्टर संदीप साळवी यांनी या धूम्रपान न करणाऱ्या रोग्यांकडे जगाचे लक्ष २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून वेधले. परक्या चाचण्यांचे निष्कर्ष अशा रोग्यांना जसेच्या तसे लागू पडतात काय, हा प्रश्न आपणच सोडवावयाचा आहे. २०२१ नंतर घरोघर प्राणवायू देणारी विजेवरची यंत्रे आली. कोणाकडे ती धूळ खात आहेत, कोणाकडे वृद्ध वडिलांच्या नाकाशी रात्रंदिवस चालू आहेत आणि विजेचे बिल मुलाच्या पगारातून जात आहे. त्यांतील किती जणांना त्या यंत्राची गरज आहे हे रक्ताची एक तपासणी आणि एक शांतपणे घेतलेली नोंद सांगू शकेल.

चाचणी म्हटले की आपल्याकडे ‘गरिबांवर प्रयोग’ अशी हाकाटी होते. ती सर्वस्वी निराधार नाही. संमती न घेता, माहिती न देता झालेल्या चाचण्यांच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि त्यानंतर नियम कडक झाले, हे योग्यच झाले. पण उलट बाजूचा विचार आपण करीत नाही. न तपासलेला उपचार रोज हजारो खाटांवर देणे हाही प्रयोगच आहे. फरक इतकाच की त्याची वही ठेवली जात नाही, त्यात कोणी संमती विचारत नाही, आणि निकाल काय लागला हे कोणालाही कधीच कळत नाही. रोग्याच्या दृष्टीने या दोहोंतला कोणता अधिक सुरक्षित हे सांगण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. टास्मानियाचा धडा तिला आज लागू करता येईल. बोटाला लावण्याचे मापक आणि तोटीवर ८८ ते ९२ ची पट्टी यापेक्षा फारसा खर्च नाही. तो प्रयोगाचा नव्हे, अंमलाचा भाग आहे. तपासण्यासारखे आहे ते दुसरे. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीविकार विभागांनी मिळून, ज्यांच्या रक्तातील प्राणवायू पुरेसा आहे तरीही धाप आहे अशा ग्रामीण स्त्रियांत घरगुती यंत्र आणि हातपंखा यांची तुलना करावी. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे. तीत आधी नोंद करावी, स्त्रियांना त्यांच्या भाषेत सर्व सांगून त्यांची संमती घ्यावी, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, वर्षभर त्यांच्या घरी जाऊन विचारावे, आणि निकाल कोणत्याही बाजूचा लागो, तो मराठीतही छापावा.